सूर्यनगरीची गच्ची : जोधपूरच्या उन्हातून घरची वीज किती?



मागे उसाच्या बिलाची चौकशी करायला आलेल्या एका सभासदाने गट ऑफिसात सहज एक प्रश्न टाकला. "साहेब, आपल्याकडं चार महिने ढग अन् पाऊस असतो, तरी लोक सोलर बसवायला निघालेत. मग तिकडं राजस्थानात, वाळवंटात, घरोघरी फुकटच वीज असंल की!" प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नाही. घरावर सोलर बसवायचा विचार आपल्यापैकी अनेकांच्या मनात घोळतो आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देत आहोत. जिथे ऊन सगळ्यात जास्त, तिथे घरच्या विजेचे काय होते हे नीट समजले, तर आपला हिशोबही आपल्याला नीट मांडता येईल.

उदाहरणासाठी आपण जोधपूर घेऊ. थरच्या वाळवंटाच्या कडेला वसलेले हे शहर राव जोधा यांनी १४५९ मध्ये वसवले. वर मेहरानगडचा किल्ला आणि खाली निळ्या रंगाची घरे. वर्षातले बहुतेक दिवस आभाळ निरभ्र, म्हणून लोक त्याला 'सूर्यनगरी' म्हणतात. पाऊस म्हणाल तर वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. सोलरसाठी यापेक्षा चांगली जागा कोणती, असे कुणालाही वाटेल. चला, बघू या.

ऊन म्हणजे टनेज, वीज म्हणजे उतारा

आपल्याला हे गणित नवीन नाही. शेतातून ऊस किती टन निघाला हे एक, आणि त्यात साखर किती उतरली हे दुसरे. नुसत्या टनेजवर साखरेची पोती मोजता येत नाहीत. सोलरचेही अगदी तसेच आहे.

जोधपूरला सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज साडेपाच ते सहा युनिट इतकी ऊर्जा उन्हातून पडते. हे झाले टनेज. आता उतारा. उन्हावर पुरेशी वीज देणारा सिलिकॉनचा पहिला सेल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्याचा उतारा होता शेकडा सुमारे सहा. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलचा उतारा शेकडा वीस-बावीस आहे. म्हणजे शंभर भाग ऊन पडले तर वीस भागांची वीज होते. पुढे उष्णता, धूळ, वायर आणि इन्व्हर्टर यांत थोडी थोडी घट होते, आणि मीटरपर्यंत सोळा-सतरा भाग पोचतात.

एक किलोवॉटची पॅनेले म्हणजे साधारण पाच चौरस मीटर काच. फ्रेम, मधली मोकळी जागा आणि फिरायला वाट धरून गच्चीवरची ऐंशी ते शंभर चौरस फूट जागा जाते. जोधपूरला एवढ्यातून वर्षाच्या सरासरीने रोज चार ते साडेचार युनिट वीज मिळते. आपल्या भागात चारच्या आसपास धरतात. म्हणजे वाळवंटात उतारा आपल्यापेक्षा थोडा जास्त आहे, दुप्पट-तिप्पट नाही. इथेच बऱ्याच जणांचा पहिला अंदाज चुकतो.

कडक ऊन पडले की वीज वाढते का?

एप्रिल-मेमध्ये उन्हाचा कडाका वाढला की उसाचा उतारा घसरतो, हे आपण दरवर्षी बघतो. ऊस तोच, शेत तेच, पण साखर कमी. पॅनेललाही उष्णता मानवत नाही. त्याला उजेड हवा, ताप नको.

पॅनेलवर लिहिलेली ताकद ही सेलचे तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला शेकडा ०.३५ ते ०.४ इतकी वीज कमी होते. जोधपूरला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जाणे नेहमीचे. तिथून वायव्येला असलेल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. हवा ४२ अंश असली तर उन्हात तापलेला काळा सेल ६५ अंशांवर जातो. म्हणजे पंचविसाच्या वर चाळीस अंश, आणि घट शेकडा चौदा ते सोळा. ५४० वॉटचे पॅनेल मग भर दुपारी ४६० वॉटच्या आसपास येते. दुकानदाराने फसवले असे नाही, तो त्या वस्तूचा धर्मच आहे.

म्हणून जोधपूरला पॅनेले स्लॅबला चिकटवून बसवत नाहीत, खालून वारा खेळेल इतकी उंच ठेवतात. याचा दुसरा फायदा असा की पॅनेलची सावली स्लॅबवर पडते आणि खालची खोली थोडी कमी तापते. जिथे दिवसरात्र कूलर चालतो तिथे हा फायदा लहान नाही. तिथल्या घराची मोठी गरज मुळी गारव्याचीच. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो. दिवसा ऊन आणि एसी यांची वेळ जुळते, पण रात्रीचे काय, हा प्रश्न उरतो. त्याकडे पुढे येऊ.

थंडीत उलट होते. डिसेंबरमध्ये हवा गार, पॅनेल खुशीत, पण दिवस लहान आणि सूर्य खाली. जोधपूर २६ अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला तिथला सूर्य दुपारी बारालाही फक्त चाळीस अंश वर असतो, तर जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. दोन्हींचा मेळ घालायचा म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार अक्षांशाच्या आसपास, म्हणजे पंचवीस-सव्वीस अंश ठेवतात. आपण आणखी दक्षिणेला, म्हणून आपला उतार त्याहून कमी.

धूळ आणि पाणी

वाळवंटाची दुसरी देणगी म्हणजे धूळ. उन्हाळ्यात तिथे आंधी येते. तासाभरात आभाळ पिवळे होते आणि पॅनेलवर मातीचा थर बसतो. थंडीत दव पडते, त्यात ती धूळ कालवली जाते आणि वाळून काचेला चिकटते. आपल्याकडे पावसाळा चार महिने फुकट धुलाई करतो. तिथे ती सोय दोन महिनेही धड नाही.

मग धुवायचे म्हटले तर पाणी हवे. जोधपूर पिण्याच्या पाण्यासाठी आज इंदिरा गांधी कालव्यातून उचलून आणलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. त्या भागात जमिनीतले पाणी बऱ्याच ठिकाणी खारे. खाऱ्या पाण्याने पॅनेल धुतले की क्षाराचा पांढरा पापुद्रा राहतो, आणि धूळ परवडली पण हा नको असे होते. म्हणून जाणकार माणूस आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढतो, मग थोड्या गोड्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसतो. तेही सकाळी लवकर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकण्याची भीती.

हे काम कोण करणार, हे बसवण्याआधीच ठरवावे लागते. शिडी कुठे लावायची, म्हातारे माणूस वर चढेल का, पाणी वर कसे जाणार? पॅनेल पंचवीस वर्षे टिकते खरे, पण त्याला पंचवीस वर्षे पुसणारा हातही लागतो.

सावली म्हणजे पाटातला दगड

एका पाटात मध्येच दगड अडकला तर पुढच्या सगळ्या सऱ्यांचे पाणी कमी होते. पॅनेले एकमेकांना ओळीने जोडलेली असतात, तिथेही हेच घडते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तर तेवढ्याच कोपऱ्याची वीज जात नाही, अख्ख्या ओळीचा प्रवाह ओढला जातो. आता पॅनेलमध्ये त्यासाठी डायोड असतात, प्रत्येक पॅनेलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावण्याचीही सोय आहे. पण पहिला उपाय एकच : सावलीत पॅनेल बसवू नये.

जोधपूरच्या जुन्या वस्तीत, ब्रह्मपुरीसारख्या भागात, गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांना खेटून. कुणाची पाण्याची टाकी, कुणाचा जिन्यावरचा मनोरा, शेजाऱ्याने चढवलेला वरचा मजला. दुपारी बारा वाजता गच्ची मोकळी दिसते, पण सकाळी नऊला आणि दुपारी चारला सावली कुठवर येते हे बघितल्याशिवाय खरे चित्र कळत नाही. बाहेरच्या नव्या वसाहतींत, जिथे प्लॉट मोठे आणि गच्च्या रुंद, तिथे ही अडचण कमी. म्हणजे एकाच शहरात, एकाच सूर्याखाली, एका घराला पाच किलोवॉट सहज बसतात आणि दुसऱ्याला एक किलोवॉटही धड बसत नाही.

गच्ची कोणाची?

हा प्रश्न विजेचा नाही, पण सगळ्यात अवघड हाच. जुन्या जोधपुरात घर एक आणि भाऊ तीन, असे पुष्कळ आहे. खालचे मजले वाटून घेतलेले, गच्ची मात्र सामाईक. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असली की विहिरीच्या मोटारीचे काय होते हे आपल्याला सांगायला नको. गच्चीचेही तेच. मीटर एकाच्या नावावर, बिल दुसरा भरतो, घर अजून वडिलांच्या नावे. सरकारी अनुदानासाठी मात्र घर आपले हवे, गच्ची योग्य हवी आणि वीजजोडणी रीतसर हवी.

शिवाय गच्ची रिकामी नसते. जोधपूरजवळच्या मथानियाची लाल मिरची प्रसिद्ध आहे. मिरची, सांगरी, पापड, वड्या हे सगळे वाळते ते गच्चीवर. उन्हाळ्यात माणसे झोपतात तीही गच्चीवर. घरच्या बाईला न विचारता गच्ची पॅनेलांनी भरून टाकली, तर वाळवण जाणार कुठे? यावर उपाय म्हणून काही जण सात-आठ फूट उंच सांगाडा उभारतात. खाली वावर राहतो, सावली मिळते. पण लोखंड जास्त लागते, खर्च वाढतो आणि आंधीच्या वाऱ्याला धरून ठेवायला पायाही भक्कम लागतो. जुन्या घरांची छपरे तिथल्या वालुकाश्माच्या लांब पट्ट्यांची. त्यांना वाटेल तिथे भोक पाडले तर गळती आलीच. म्हणून आधी छप्पर जाणत्या माणसाला दाखवायचे, मग पॅनेलचा भाव विचारायचा.

मीटर म्हणजे वजनकाटा

आता रात्रीच्या विजेचा प्रश्न. बहुतेक घरांवरची सोलर यंत्रणा बॅटरीशिवाय असते. दिवसा जास्त झालेली वीज लाइनमध्ये जाते, रात्री लागेल ती लाइनमधून येते. नेट मीटर दोन्हींचे वजन करतो आणि फरकाचे बिल येते. सोसायटीत ठेव ठेवावी आणि लागेल तशी काढावी, तसेच हे. फक्त ठरलेल्या मुदतीनंतर जी ठेव शिल्लक राहते तिला मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून विजेचा व्यापार करू, हा विचार घरासाठी फायद्याचा नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांना बसवल्यावरच कळते. लाइन गेली की अशी सोलर यंत्रणाही बंद पडते, डोक्यावर सूर्य तळपत असला तरी. ही खोट नाही, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. लाइन बंद करून खांबावर वायरमन काम करत असताना एखाद्या घरातून वीज उलटी आली तर त्याचा जीव जाईल. लाइन गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीची यंत्रणा घ्यावी लागते, तिचा खर्च वेगळा आणि बॅटरी ठराविक वर्षांनी बदलावी लागते.

हिशोब कागदावर

केंद्र सरकारची घरांसाठीची सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. तीत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा असली तरी जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान ठरले. ही योजना जोधपूरला आणि आपल्यालाही सारखीच. तिच्या नावात 'मुफ्त बिजली' आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सरकार वीज फुकट वाटत नाही. यंत्रणेच्या किमतीचा काही भाग सरकार देते, उरलेला आपण भरतो, आणि मग गच्चीवर पिकते ती वीज आपली.

आता समजण्यापुरते आकडे धरू. जोधपूरचे पहिले घर मोठे, महिन्याला चारशे युनिट जाळणारे. तीन किलोवॉटची यंत्रणा दीड लाखाला धरली, अनुदान ७८ हजार, खिशातून ७२ हजार. हात राखून किलोवॉटला रोज चारच युनिट धरले तरी दिवसाला १२, वर्षाला ४,३८० युनिट. युनिटला सहा रुपये वाचले तर वर्षाला २६,२८० रुपये. पावणेतीन वर्षांत पैसे वसूल.

दुसरे घर लहान, महिन्याला शंभर युनिटांचे. त्यानेही शेजाऱ्याचे बघून तीनच किलोवॉट बसवले. ऊन तेवढेच, वीज तेवढीच, पण त्याचे वाचतात फक्त वर्षाचे १,२०० युनिट, म्हणजे ७,२०० रुपये. ७२ हजार फिटायला दहा वर्षे. याच घराने एक किलोवॉट बसवला असता, साठ हजार किंमत धरून अनुदानानंतर तीस हजार लागले असते, तर चार वर्षांच्या थोडे पुढे हिशोब मिटला असता. आणि राजस्थानात २०२३ साली नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना शंभर युनिटांपर्यंत वीज मोफत देण्याची सवलत आली, तेव्हा तर अशा घराला सोलरचा खर्च करण्याचे कारणच उरले नव्हते. सूर्य दोघांचा एकच, पण बिल वेगळे, म्हणून उत्तरही वेगळे.

या आकड्यांत आणखी तीन गोष्टी मिळवा. बिलातला स्थिर आकार सोलर बसवला तरी भरावा लागतो. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. आणि पॅनेलची ताकद दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी होते. कर्ज काढून बसवणाऱ्याने व्याजही धरावे. कर्जाचा हप्ता वाचलेल्या बिलापेक्षा मोठा असेल तर ती यंत्रणा आपल्यासाठी मोठी झाली असे समजावे.

मग भडल्याचे काय?

कुणी म्हणेल, जोधपूरच्या उत्तरेला भडल्याला एवढे प्रचंड सोलर पार्क आहे, मग घरावर कशाला? खरेच, २,२४५ मेगावॉटचे ते पार्क सुमारे चौदा हजार एकर वैराण जमिनीवर पसरले आहे. २०१७ च्या मे महिन्यात तिथल्या लिलावात युनिटचा दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला होता. पॅनेल पुसायला पाणी नाही, म्हणून तिथे कोरडे ब्रश फिरवणारी यंत्रे वापरतात.

पण तो दर शेताच्या बांधावरचा आहे. शहरातल्या घरापर्यंत येताना उच्च दाबाच्या तारा, उपकेंद्रे, गळती, वितरणाचा खर्च असे सगळे त्यात मिळते. गच्चीवरची वीज मात्र जिथे पिकते तिथेच वापरली जाते. भडल्याचे काम देशाची गरज भागवण्याचे, गच्चीचे काम एका घराचे बिल कमी करण्याचे. दोन्हींना जागा आहे.

आपल्यासाठी सार

तर त्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर असे : वाळवंटातही घरोघरी फुकट वीज नाही. जोधपूरच्या उन्हात ताकद मोठी आहे, आणि ज्यांनी गच्ची, सावली, धूळ आणि बिल बघून यंत्रणा बसवली त्यांना तिचा चांगला फायदा आहे. ज्यांनी नुसते ऊन बघितले त्यांची गच्ची अडकली आणि पैसाही.

आपल्या गावात 'फुकट वीज' म्हणत कुणी कागद घेऊन आला, तर सही करण्याआधी पाच गोष्टी कराव्यात. एक, मागच्या बारा महिन्यांची वीजबिले काढून युनिटांची बेरीज करावी आणि तेवढीच यंत्रणा मागावी. दोन, सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता गच्चीवर जाऊन सावली बघावी. तीन, घर आणि मीटर कुणाच्या नावावर आहे ते तपासावे आणि भावांची संमती आधी घ्यावी. चार, घरातल्या बायकांना वाळवणाची जागा विचारावी. पाच, अनुदान, कर्जाचा दर आणि युनिटचा दर त्या दिवशी काय आहे हे वीज कंपनीच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारावे, आलेल्या माणसाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नये.

ऊस घालताना आपण वजनकाट्यावर नजर ठेवतो, पावती जपून ठेवतो. सूर्याचा माल घेतानाही तीच सवय ठेवावी, एवढेच सांगणे.